शांत की लुळा? मज्जातंतू-स्नायूंवरची औषधं शिकताना

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एका कुत्र्याला टेबलावर घेतलं होतं. भूलतज्ज्ञ मॅडमच्या हाताखाली माझा तो तिसरा आठवडा. डोळा मधोमध आणि अगदी स्थिर राहावा म्हणून कुत्र्याला ॲट्राक्युरियम हे स्नायू लुळे करणारं औषध दिलेलं होतं, श्वास व्हेंटिलेटर देत होता आणि माझ्याकडे एकच काम होतं, दर पाच मिनिटांनी तक्ता भरायचा. हृदयाचे ठोके ९२. मग १०४. मग १२६. कुत्रा जराही हलत नव्हता, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "शांत आहे."

मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "शांत आहे की लुळा आहे?" मी तोंड उघडायच्या आत त्या भुलीचा वायू सोडणाऱ्या व्हेपरायझरपाशी पोचल्या होत्या. त्यातलं भुलीचं औषध, आयसोफ्लुरेन, तळाला गेलं होतं. त्यांनी आधी शिरेतून भुलीचं औषध दिलं, मग व्हेपरायझर भरला. काही मिनिटांत ठोके खाली आले, ऑपरेशन नीट पार पडलं, कुत्रा चांगला झाला. पण मधल्या त्या काही मिनिटांत त्याला काय जाणवलं असेल हे मला कधीच कळणार नाही. त्याला ओरडता येत नव्हतं, पाय झाडता येत नव्हता, श्वाससुद्धा त्याचा स्वतःचा नव्हता. त्याच्या वतीने बोलत होते ते फक्त ठोके, आणि ते मी नुसते उतरवून घेत होते.

मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप बदलणाऱ्या औषधांचा अभ्यास माझ्यासाठी त्या दिवशी खरा सुरू झाला. त्याआधी परीक्षेपुरती वर्गवारी पाठ होती, गुणही बरे पडले होते. या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी लिहिते आहे, कारण पाठांतर आणि समज यांच्यातली जी दरी मला टेबलापाशी भरून काढावी लागली, ती तुम्ही आधीच भरून यावी असं मनापासून वाटतं.

सुरुवात एका बेडकापासून करा. १८५० च्या दशकात क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुरारेवर प्रयोग केले. कुरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावत ते वनस्पतीजन्य विष. बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा दोरा बांधून तोडला, मज्जातंतू मात्र शाबूत ठेवला आणि मग विष दिलं. सगळं अंग लुळं पडलं, बांधलेला पाय तेवढा चालू राहिला. लुळ्या भागातला मज्जातंतू डिवचला तर स्नायू हलेना, पण थेट स्नायूलाच विजेचा झटका दिला की तो आकसायचा. म्हणजे बिघाड ना मज्जातंतूत होता, ना स्नायूत. तो दोघांच्या मधल्या जागेत होता. इथवर सगळीच पुस्तकं सांगतात. माझ्या मनात ठसला तो पुढचा भाग: लुळ्या पडलेल्या कातडीला चिमटा काढला, तर तो विष न पोचलेला पाय झटकन हले. चिमटा बेडकाला कळत होता. संवेदना जागी होती, फक्त ती दाखवायला एकच पाय उरला होता.

आमच्या कुत्र्याला तो एक पायही नव्हता.

बर्नारच्याही आधीची, १८१४ सालची, लंडनमधली एक गोष्ट आहे आणि ती आपल्या क्षेत्राची म्हणून मला फार जवळची वाटते. चार्ल्स वॉटरटन आणि शल्यचिकित्सक बेंजामिन ब्रोडी यांच्या प्रयोगात एका गाढविणीला कुरारे टोचलं. काही मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरायला सुरुवात केली, आणि तिने मान उचलली. भाता थांबवला की पुन्हा कोसळे. दोन तास भाता चालवल्यावर विषाचा असर ओसरला आणि ती उठली. तिचं नाव वुरालिया ठेवलं. पुढे १८३९ पर्यंत ती जगली. या औषधांनी जनावर मरतं ते श्वासाचे स्नायू थांबतात म्हणून. श्वास आपण चालू ठेवला तर औषध आपल्या वेळेने उतरतं. म्हणूनच आमच्या थिएटरचा पहिला नियम असा की नळी घातलेली, ऑक्सिजन जोडलेला आणि व्हेंटिलेटर किंवा निदान पिशवी दाबायला एक माणूस उभा असल्याशिवाय ॲम्प्यूल फोडायची नाही.

आता एक कोरा कागद घ्या आणि ती मधली जागा काढा. वर मज्जातंतूचं टोक, त्यात ॲसिटिलकोलिन या निरोप नेणाऱ्या रसायनाने भरलेल्या बारीक पिशव्या. खाली स्नायूचा पडदा, त्यावर निकोटिनिक रिसेप्टर, म्हणजे तो निरोप घेणारी दारं. मध्ये फट. मज्जातंतूतून विद्युत लहर आली की टोकाची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात, ॲसिटिलकोलिन फटीत सांडतं. रिसेप्टर पाच तुकड्यांचा असतो आणि त्यावर दोन रेणू बसल्याशिवाय तो उघडत नाही. उघडला की सोडियम आत जातं आणि स्नायू आकसतो. फटीतलं कोलिनइस्टरेज हे एन्झाइम मिलिसेकंदाच्या आत ॲसिटिलकोलिन तोडून जागा पुन्हा मोकळी करतं. एवढंच चित्र आहे, पण मी ते शंभरदा तरी काढलं असेल. कुठलंही नवं औषध, विष किंवा आजार समोर आला की आधी त्याची या कागदावरची जागा ठरवायची. नाव मागाहून पाठ होतं.

हे किती उपयोगी पडतं ते मला तोंडी परीक्षेत उत्तर चुकल्यावर कळलं. परीक्षकांनी विचारलं होतं, "गायीचं कॅल्शियम उतरलं की ती लुळी पडते आणि कुत्रीचं उतरलं की ती कडक होऊन थरथरते. कमतरता एकच, मग असं उलट का?" मी दोन्ही आजारांची लक्षणं धडाधडा सांगितली, कारण मात्र सांगता आलं नाही. आता कागदावर बघा. रक्तातलं कॅल्शियम घटलं की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. मज्जातंतूच्या पडद्याला बाहेरून मिळणारा लगाम सैल होतो, त्यामुळे तो विनाकारण लहरी सोडू लागतो. दुसरीकडे, टोकाशी आत शिरायला कॅल्शियम कमी पडतं, त्यामुळे पिशव्या कमी फुटतात. गायीमध्ये हा दुसरा परिणाम वरचढ ठरतो आणि निरोप स्नायूपर्यंत पोचतच नाही. कुत्रीमध्ये पिशव्या फुटण्याचं काम टिकून राहतं, म्हणून पहिला परिणाम उघडा पडतो आणि स्नायू सतत आकसत राहतात.

पुढे इंटर्नशिपमध्ये दुग्धज्वराची गाय पाहिली, तेव्हा हे सगळं डोळ्यासमोर घडलं. नुकतीच व्यालेली, मान कुशीकडे वळवून बसलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. नावात ज्वर असला तरी अंग थंड असतं, हे आधी हात लावून बघा. सरांनी कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश सोडलं आणि सगळा वेळ स्टेथोस्कोप माझ्या कानात, गायीच्या हृदयावर ठेवायला लावला. हृदयालाही हेच कॅल्शियम लागतं आणि घाईने गेलं तर ते बंद पडू शकतं. ठोके अडखळले की मी हात वर करायचा आणि सरांनी नळी चिमटीत धरायची. निम्मी बाटली गेली असेल नसेल, तोच खांद्याच्या स्नायूंवर बारीक थरथर उमटली. मग गायीने ढेकर दिली, शेण टाकलं आणि थोड्या वेळाने उठून उभी राहिली. ती थरथर म्हणजे पिशव्या पुन्हा फुटू लागल्याची खूण होती. त्यानंतर पाहिलेल्या कुठल्याही आलेखापेक्षा ती जास्त लक्षात राहिली आहे.

कागदावरच्या याच वरच्या टोकाशी आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या दारात आडवं येतं. जेंटामायसिन, निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही अमायनोग्लायकोसाइड अँटिबायोटिकंही ॲसिटिलकोलिन सुटणं कमी करतात. एरवी हे जाणवत नाही, पण ॲट्राक्युरियम दिलेल्या जनावराला ऑपरेशन संपता संपता जेंटामायसिन टोचलं तर ओसरत आलेला लुळेपणा परत गहिरा होऊ शकतो. अँटिबायोटिक कोणतं आणि कधी देणार, हे ऑपरेशनच्या आधीच विचारायची सवय लावून घ्या.

बोट्युलिझम (बोट्युलिनम या जिवाणू-विषाने होणारा लुळेपणा) आणि धनुर्वात विद्यार्थ्यांना दोन टोकांचे आजार वाटतात. एकात जनावर चिंधीसारखं पडतं, दुसऱ्यात लाकडासारखं ताठतं. पण दोन्ही विषं कात्रीसारखी आहेत आणि पिशवी पडद्याला चिकटवणारी प्रथिनं कापतात. धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचा बी प्रकार तर नेमकं एकच प्रथिन कापतात, सिनॅप्टोब्रेव्हिन. फरक जागेचा आहे. बोट्युलिनम मज्जातंतूच्या टोकाशीच थांबतं आणि निरोप बंद करतं. धनुर्वाताचं विष मज्जातंतूतून उलटं चढत मज्जारज्जूत जातं आणि तिथल्या आवर घालणाऱ्या पेशींचा निरोप बंद करतं. आवर गेला की स्नायू मोकाट आकसतात.

आता फटीकडे या. कोलिनइस्टरेज अडवलं की ॲसिटिलकोलिन साचतं, आणि ते शरीरात जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे साचतं. गोचीड मारण्याचं ऑर्गनोफॉस्फेट औषध जास्त प्रमाणात लागलेलं एक वासरू माझ्याकडे आलं होतं. लाळेच्या धारा, बारीक झालेली बाहुली, छातीत घरघर, अंगभर स्नायूंचं फडफडणं. मी ॲट्रोपिन दिलं. लाळ आटली, छाती मोकळी झाली आणि मी सुस्कारा सोडला. तासाभराने वासराचा श्वास उथळ होत चालला होता. ॲट्रोपिन ग्रंथी, आतडी, हृदय यांच्यावरच्या मस्कॅरिनिक रिसेप्टरवर काम करतं. स्नायूवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला ते शिवतही नाही. फडफडणारे स्नायू थकून लुळे पडत होते आणि त्यांत श्वासाचे स्नायूही होते. तिथे उपयोग होतो तो प्रॅलिडॉक्झिमचा. ते एन्झाइमला चिकटलेलं विष सोडवतं, पण वेळेत दिलं तरच, कारण काही काळाने ती पकड कायमची होते. त्या वासराला श्वासाचा आधार मिळाला, औषधही वेळेत पोचलं आणि ते वाचलं. लाळ थांबली म्हणजे विष उतरलं असं धरून चालू नका. मांडीच्या स्नायूंवर हात ठेवून बघा.

हेच एन्झाइम मोजून मापून, थोड्या वेळापुरतं अडवणारी औषधं आपण उपचारासाठी वापरतो, निओस्टिग्मिन, एड्रोफोनियम, पायरिडोस्टिग्मिन. मायस्थेनिया ग्रेव्हिस झालेल्या कुत्र्यात शरीर स्वतःच्याच रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. रिसेप्टर कमी उरतात, कुत्रा चार पावलं चालून बसतो, विश्रांती घेतली की पुन्हा चार पावलं. पायरिडोस्टिग्मिनने फटीतलं ॲसिटिलकोलिन जरा जास्त टिकतं आणि उरलेल्या रिसेप्टरवर भागतं. या कुत्र्यांची अन्ननलिका अनेकदा सैल पडून फुगते, म्हणून त्यांना उभ्या स्थितीत भरवायला मालकाला शिकवावं लागतं. गोळीइतकंच, माझ्या मते गोळीपेक्षाही जास्त महत्त्व या भरवण्याला आहे, कारण अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हा त्यांचा मोठा शत्रू असतो.

खालच्या पडद्यावर, म्हणजे रिसेप्टरवर बसणाऱ्या औषधांचे दोन गट आहेत. सक्सामेथोनियम हे ॲसिटिलकोलिनचेच दोन रेणू जोडून झालेलं आहे. ते रिसेप्टर उघडतं आणि उघडाच धरून ठेवतं. आधी अंगभर फडफड होते, मग लुळेपणा येतो. ते रक्तातल्या कोलिनइस्टरेजने तुटतं आणि या एन्झाइमचं प्रमाण प्राण्यांच्या जातीजातीत वेगळं असल्यामुळे मात्राही कमालीच्या वेगळ्या आहेत. गायीला किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम पुरतं, डुकराला त्याच्या शंभरपटीच्या आसपास लागतं. एका प्राण्याची मात्रा दुसऱ्याला अंदाजाने लावायची नाही, हे याच औषधाने मला पक्कं शिकवलं. गोचिडाच्या ऑर्गनोफॉस्फेटने नुकत्याच धुतलेल्या जनावरात त्याचा असर लांबतो, कारण तोडणारं एन्झाइमच अडलेलं असतं. काही डुकरांमध्ये रायनोडिन रिसेप्टरच्या, म्हणजे स्नायूच्या आतल्या कॅल्शियमच्या दाराच्या, जनुकात दोष असतो. त्यांना सक्सामेथोनियम किंवा हॅलोथेन हा भुलीचा वायू दिला की स्नायूंच्या आत कॅल्शियमचा पूर येतो, अंग ताठतं आणि ताप झपाट्याने चढतो. डँट्रोलिन हे त्यावरचं औषध. कागदावर त्याची जागा रिसेप्टरच्याही खाली, स्नायूच्या पोटात.

एके काळी घोड्यांना आडवं पाडायला नुसतं सक्सामेथोनियम टोचत आणि लहानसहान ऑपरेशनं तशीच उरकत. घोडा पूर्ण शुद्धीवर, वेदना पूर्ण जागी, अंग मात्र हलवता येत नाही. आज भूल न देता हे करणं क्रूरपणा आहे, त्याला दुसरा शब्द नाही. दयामरणासाठीही ही औषधं एकटी वापरू नयेत असं अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात. या औषधांच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते रक्त आणि मेंदू यांच्यातल्या अडसरापलीकडे जात नाहीत. झोप नाही, गुंगी नाही, वेदनाशमन नाही. कुणी "स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलंय, आता त्रास नाही" असं म्हणालं, तर तुम्ही वयाने लहान असलात तरी थांबवा आणि भूल कुठली चालू आहे ते विचारा.

दुसरा गट रिसेप्टरवर बसून तो उघडूच देत नाही. थिएटरमध्ये बहुतेक वेळा तुमची गाठ याच गटाशी पडेल. नावांच्या शेपटीवरून कुळ ओळखता येतं: ॲट्राक्युरियम, सिसॲट्राक्युरियम, मिव्हाक्युरियम एका कुळातली; पॅनक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम ही स्टेरॉइडच्या सांगाड्यावरची. ॲट्राक्युरियमबद्दल मला विशेष आदर आहे. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक यांच्या गटाने तो रेणू असा घडवला की शरीराच्या तापमानाला आणि आम्लतेला तो बराचसा आपोआप मोडतो. याला हॉफमन विघटन म्हणतात. यकृत किंवा मूत्रपिंड दुबळं असलेल्या जनावरातही त्यामुळे तो फारसा रेंगाळत नाही. पण याच गुणातून दोन अडचणी येतात. ॲम्प्यूल फ्रिजमध्येच ठेवावी लागते, नाहीतर औषध बाटलीतच मोडू लागतं. आणि ऑपरेशन लांबून छोट्या कुत्र्याचं अंग गार पडलं की मोडण्याचा वेग मंदावतो, असर लांबतो. असर अपेक्षेपेक्षा लांबला तर औषधाला दोष देण्याआधी थर्मामीटर लावा.

एक घोळ इथेच मिटवते. ग्वायफेनेसिन, डायझेपाम, मेथोकार्बामॉल यांनाही स्नायू सैल करणारी औषधं म्हणतात, पण ती या कागदावर येतच नाहीत. त्यांचं काम वर, मज्जारज्जू आणि मेंदूत चालतं. परीक्षेत हे एका गटात लिहिलेले पेपर मी दर वर्षी तपासते.

असर किती आहे हे मोजण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण नवखे इथेच फसतात. रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात. सुमारे ७० ते ७५ टक्के रिसेप्टर अडल्याशिवाय स्नायूची ताकद घटलेली दिसत नाही. याचा अर्थ उलटा वाचा: जनावर पाय हलवतंय, मान उचलतंय, तरी त्याचे निम्म्याहून जास्त रिसेप्टर अजून औषधाने अडवलेले असू शकतात. श्वासपटल सर्वांत चिवट, ते लवकर सावरतं. घशाचे स्नायू मागे राहू शकतात. नळी घाईने काढली तर श्वास घेणारं जनावरही लाळ गिळताना ठसकू शकतं.

म्हणून नर्व्ह स्टिम्युलेटर हवाच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या पेरोनियल मज्जातंतूवर दोन सुया किंवा चिमटे लावून दोन सेकंदांत चार झटके द्यायचे आणि पंजा किती वेळा उडतो ते बघायचं. याला ट्रेन ऑफ फोर म्हणतात. चारही उडतात पण चौथा पहिल्यापेक्षा बारीक, म्हणजे औषध अजून आहे. चौथ्याची उंची पहिल्याच्या ०.९ पट झाली की नळी काढण्याचा विचार करायचा. अडचण अशी की नुसत्या डोळ्यांना ०.४ च्या वरचा फरक ओळखणं जवळजवळ अशक्य असतं. मॅडमनी हे शिकवताना कमी करंटवर यंत्र माझ्याच मनगटाला लावलं होतं. अंगठा चारदा सारखा उडाला. मग म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यांना सारखा दिसला. यंत्राला विचारलं असतंस तर त्याने आकडा दिला असता." मोजणारं यंत्र मिळत असेल तर डोळ्यांवर विसंबू नका.

असर उतरवायला निओस्टिग्मिन देताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, सोबत ॲट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट, नाहीतर वाढलेलं ॲसिटिलकोलिन हृदयाचे ठोके खाली ओढतं. दुसरी, चारपैकी निदान दोन झटक्यांना पंजा उडू लागल्याशिवाय देऊ नका. रिसेप्टर औषधाने गच्च भरलेले असताना कितीही ॲसिटिलकोलिन साचवलं तरी त्याला बसायला जागा नसते. रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमसाठी सुगामाडेक्स ही निराळीच वाट आहे. आठ ग्लुकोजची कडी, जी औषधाच्या रेणूला आपल्या पोकळीत घेऊन टाकते. एन्झाइमशी तिचा संबंध नाही. युरोपात २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये ते माणसांसाठी मंजूर झालं. ॲट्राक्युरियमला मात्र ते शिवत नाही, कारण तो सांगाडा त्या पोकळीत बसत नाही.

आणि भुलीची खोली? या औषधांनंतर पापणीची हालचाल, जबड्याचा ताण, डोळ्याचं खाली वळणं, या सगळ्या नेहमीच्या खुणा जातात. उरतात ठोके, रक्तदाब, कधी डोळ्यांत येणारं पाणी, आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या भुलीच्या वायूचं मोजमाप. म्हणून माझ्या तक्त्यात शेऱ्याचा एकच रकाना आता नाही. दोन आहेत: "स्नायू" आणि "भूल". पहिल्यात चारपैकी किती उडाले ते, दुसऱ्यात वायूचं प्रमाण आणि व्हेपरायझरची पातळी.

भूलशास्त्रात जायचं नसेल तरी हा कागद जवळ ठेवा, कारण जंतांच्या औषधांतही तो लागतो. लेव्हामिसोल आणि पायरँटेल जंतांचा निकोटिनिक रिसेप्टर उघडा धरतात, जंत आकसून ताठ होतो. पायपराझिन उलट, त्याला ढिला पाडतं. म्हणून पायरँटेल आणि पायपराझिन एकत्र दिलं तर एकमेकांचं काम पुसतात. लेव्हामिसोलची मात्रा वजनाचा अंदाज करून देऊ नका; जास्त झालं तर तेच रिसेप्टर यजमान जनावरातही उघडतात आणि शेळी थरथरत, लाळ गाळत तुमच्यासमोर उभी राहते. आयव्हरमेक्टिन वेगळ्या दारावर बसतं, ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइडच्या दारावर. ते आपल्या जनावरांत नसल्यामुळे औषध बहुतेकांना सोसतं. कोलीसारख्या कुत्र्यांमध्ये मेंदूबाहेर औषध फेकणाऱ्या पंपाचं जनुक बिघडलेलं असू शकतं, त्यांना जास्त मात्रा धोक्याची ठरते. विषचिकित्सा, परजीवीशास्त्र, नेत्रशल्य, कुठेही गेलात तरी ही फट भेटणारच.

पहिल्या महिन्यात काय करायचं ते सांगून थांबते. रोज एक औषध किंवा एक आजार घेऊन चित्रात त्याची जागा खूण करा आणि "जास्त झालं तर काय दिसेल" हे एका ओळीत स्वतःच्या शब्दांत लिहा. थिएटरमध्ये ही औषधं इतर ॲम्प्यूलपासून वेगळ्या डब्यात, ठळक चिठ्ठी लावून ठेवली आहेत का ते बघा. नसतील तर ठेवायला सांगा. सिरिंजमध्ये औषध भरलं की सुई बाजूला ठेवण्याआधी नाव लिहा. आणि टेबलापाशी उभं राहिलात की कुत्र्याकडे बघण्याआधी व्हेपरायझरच्या काचेत औषध कुठवर आहे ते बघा.